घोट आणि श्वास

(पडेगाव येथे रात्रीच्या प्रौढ वर्गात झालेले भाषण)



तुम्ही सगळे दिवसभर राबून इथे आला आहात. कोणी बांधकामावर होते, कोणी शेतात, कोणी चार घरची धुणीभांडी आटोपून आले. म्हणून फार लांबण लावत नाही. आज पाण्याविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत. पाणी कसे आणावे, हे तुम्हाला शिकवायला नको. ते पोटात कसे जावे, एवढेच बोलू.

आधी एक छोटा प्रयोग करू. आपापली पाटी हातात घ्या. फडक्याने पुसून कोरडी करा. आता ती तोंडाजवळ धरा आणि तोंड उघडून "हा" असा श्वास सोडा. काय दिसले? पाटीवर ओल आली. बोट फिरवा, रेघ उठेल. लगेच पाहा, नाही तर वाळून जाईल.

ही ओल कुठून आली? तुमच्या अंगातून आली. श्वास आत जातो तेव्हा कोरडा असतो. बाहेर येतो तेव्हा आपल्या अंगातले थोडे पाणी घेऊन येतो. झोपेतही हे चालू असते. अशा रीतीने नुसत्या श्वासावाटे दिवसाकाठी पाव लिटर किंवा त्याहून थोडे जास्त पाणी निघून जाते. घाम वेगळा आणि लघवी वेगळी. उन्हात खोदकाम करणाऱ्या माणसाचा घाम तर तासाला एक लिटरपर्यंतही जाऊ शकतो.

मोठ्या माणसाच्या वजनात निम्म्याहून जास्त भाग पाणीच असते. पन्नास किलोच्या माणसात सुमारे तीस लिटर पाणी. म्हणजे दोन मोठे हंडे समजा. या हंड्यांना रात्रंदिवस बारीक गळती लागलेली आहे. ती गळती बंद करता येत नाही, कारण श्वास बंद करता येत नाही. मग एकच उपाय उरतो. जेवढे गळते तेवढे भरायचे.

लोक पाणी का पीत नाहीत?

उपाय सोपा आहे. मग अडते कुठे? लोकांना विचारले, की वेगवेगळी उत्तरे येतात.

एकजण म्हणतो, "तहानच लागत नाही." दुसरा म्हणतो, "कामाच्या गडबडीत ध्यानातच राहत नाही." तिसऱ्याला पाणी पोटात डुचमळते. चौथा म्हणतो, "आमच्या बोअरचं पाणी मचूळ लागतं, घशाखाली उतरत नाही." म्हातारी आजी म्हणते, "रात्री उठावं लागतं रे बाबा." आणि बाया खालच्या आवाजात सांगतात, "प्यायलं की जावं लागतं, अन् जायला जागा नाही."

यातले एकही उत्तर खोटे नाही. म्हणून "पाणी प्या, पाणी प्या" एवढे बजावून भागत नाही.

समजा, एक बाई पडेगावहून सकाळी आठला बांधकामावर जाते. निघताना अर्धा कप चहा घेते. दिवसभर वाळू आणि विटा वाहते. तिथे आडोसा नाही, म्हणून ती पाणी पीत नाही. दुपारी भाकरीबरोबर दोन घोट घेते, तेवढेच. संध्याकाळी घरी येते तेव्हा डोके ठणकत असते, डोळ्यांपुढे अंधारी येते, लघवीला आग होते. ती म्हणते, "उन्हाळी लागली." चार दिवसांनी बरे वाटते. पुन्हा तेच. असे वर्षानुवर्षे चालले, की मूत्रमार्गाचा आजार जडतो, मूतखडा होतो. मग दवाखान्याचा खर्च येतो, आणि तो मजुरी खाऊन टाकतो.

वजनाच्या शंभरात एक-दोन भाग एवढे शरीरातले पाणी कमी झाले, तरी माणूस लवकर दमतो, चिडतो, त्याचे कामात लक्ष लागत नाही. पन्नास किलोच्या माणसाला हे म्हणजे अर्धा ते एक लिटर. जड विटा डोक्यावर घेऊन शिडी चढताना तोल जायला एवढे पुरे आहे.

शीतली केली म्हणजे पाणी नको काय?

आता योगाकडे येऊ. आपल्यापैकी काहीजण सकाळी आसने आणि प्राणायाम करतात. चांगले आहे. हल्ली योगाची माहिती मोबाईलवरही पुष्कळ मिळते. पण त्यातून एक गैरसमज पसरतो. कोणी सांगतो, "शीतली प्राणायाम करा, तहान लागायची नाही." कोणी म्हणतो, "योगी लोक पाण्यावाचून राहतात, मग आपल्याला काय धाड भरली?" हे नीट समजून घेतले पाहिजे. भर उन्हाळ्यात असा सल्ला जिवावर बेतू शकतो.

शीतली म्हणजे काय, ते पाहा. जिभेच्या दोन्ही कडा वर वळवून जिभेची नळी करायची. ती ओठांबाहेर जराशी काढायची. त्या नळीतून श्वास सावकाश आत ओढायचा. मग तोंड मिटून नाकाने सोडायचा. काहींची जीभ वळत नाही. त्यात त्यांचा दोष नाही. त्यांनी दात जुळवून दातांच्या फटीतून श्वास आत घ्यावा. त्याला सीत्कारी म्हणतात. दोन्हींत जिभेला गारवा लागतो आणि जीव शांत होतो. इथे बसल्या बसल्या करून पाहा. लागला ना गारवा?

हा गारवा आला कुठून? आपल्या घरचा माठ आठवा. माठातले पाणी गार कशाने होते? माठ पाझरतो. बाहेरची ओल वाऱ्याने उडून जाते आणि उडताना आतली उष्णता घेऊन जाते. म्हणून पाणी गार होते. पण सकाळी काठोकाठ भरलेला माठ संध्याकाळी थोडा उतरलेला असतो. गारवा फुकट मिळत नाही, माठ त्याची किंमत पाण्याने देतो.

शीतलीचे तसेच आहे. जिभेवरची ओल वाऱ्याने उडते, म्हणून जीभ गार लागते. म्हणजे शीतलीने अंगात पाण्याचा एक थेंबही येत नाही. उलट थोडे खर्चच होते. ज्याचा माठ भरलेला आहे, त्याने खुशाल शीतली करावी. ज्याचा माठ रिकामा आहे, त्याने आधी पाणी प्यावे.

कोणी म्हणेल, "पण जुन्या ग्रंथात तर लिहिले आहे!" होय, लिहिले आहे. स्वात्माराम नावाच्या योग्याचा 'हठप्रदीपिका' हा ग्रंथ आहे. तो सुमारे पाचशे वर्षांहून जुना आहे. शीतलीने तहानभूक शमते, असे त्यात सांगितले आहे. पण त्याच ग्रंथाच्या पहिल्याच भागात योगाभ्यासाची जागा कशी असावी, तेही सांगितले आहे. लहानसा मठ असावा. देशात सुबत्ता असावी, भिक्षा सहज मिळावी. आणि मठाबाहेर काय काय असावे? मांडव असावा, ओटा असावा, आणि विहीर असावी.

पाहा बरे! तहान शमते असे सांगणाऱ्या ग्रंथाने योग्याच्या दाराशी विहीर ठेवली आहे. 'घेरंडसंहिता' म्हणून दुसरा ग्रंथ आहे. पोटाचा अर्धा भाग अन्नाने भरावा, एक भाग पाण्याने भरावा आणि एक भाग वाऱ्यासाठी मोकळा ठेवावा, असे तो सांगतो. म्हणजे योग्याच्या पोटातही पाण्याची जागा राखून ठेवलेली आहे. ती जागा श्वासाने भरा, असे तो म्हणत नाही.

शिवाय तो योगी मठात सावलीला बसलेला आहे. त्याच्या डोक्यावर विटा नाहीत. वैशाखाच्या उन्हात त्याला डांबर ओतायचे नाही. मनाची तळमळ शांत होणे निराळे आणि शरीरातले पाणी भरून येणे निराळे. श्वासाने पहिले साधते. दुसरे फक्त पाण्याने साधते.

योगातली गोष्ट तपासून मग मानावी, हे नवे नाही. आपल्या महाराष्ट्रातच स्वामी कुवलयानंद यांनी हे काम केले. त्यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम ही संस्था काढली. आसने आणि प्राणायाम करताना शरीरात काय घडते, हे त्यांनी क्ष-किरणांनी आणि मोजमापाच्या यंत्रांनी तपासले. प्राणायामाने शरीरात प्राणवायू फार जास्त जातो, असा लोकांचा समज होता. तो समज बरोबर नाही, असे त्यांनी लिहिले. म्हणून त्यांनी प्राणायाम टाकून दिला काय? नाही. त्याचा खरा उपयोग कुठे आहे, तो त्यांनी शोधला. आपणही तसेच करू. श्वास पाण्याची जागा घेत नाही. पण पाणी पिण्याच्या कामी तो मदत जरूर करतो. ती कशी, ते आता ऐका.

श्वासाची पहिली मदत : आधी धाप, मग घोट

हंडा घेऊन चढ चढून आलेली बाई घरात येते. छाती भात्यासारखी हलते आहे. ती उभ्या उभ्या तांब्या तोंडाला लावते. काय होते? ठसका लागतो. नाही तर पोटात वारा भरतो आणि पाणी डुचमळते. मग ती म्हणते, "मला पाणी सोसत नाही." पाणी सोसत नाही असे नाही. धाप आणि घोट एका वेळी सोसत नाहीत.

याचे कारण सोपे आहे. घोट गिळताना श्वास क्षणभर आपोआप थांबतो. त्या वेळी श्वासनळीचे दार मिटते. आता करून पाहा. लाळ गिळा. गिळताना श्वास थांबला ना? ज्याला धाप लागली आहे, त्याचा श्वास थांबायला तयार नसतो. मग वाट चुकते आणि ठसका लागतो.

म्हणून असे करा. आधी खाली बसा. तोंड मिटा. नाकाने श्वास घ्या आणि नाकानेच, जरा सावकाश, सोडा. असे आठ-दहा श्वास होऊ द्या. धाप उतरेल. मग एक घोट घ्या. तो तोंडात क्षणभर फिरवा आणि गिळा. एक श्वास पुरा होऊ द्या. मग दुसरा घोट. एक फुलपात्र संपायला दोन-तीन मिनिटे लागतील. तेवढाच पायांनाही विसावा. मचूळ पाणीही असे घोट घोट घेतले, तर घशाखाली उतरते. माठात वाळा टाकला किंवा पाण्यात थोडे लिंबू पिळले, तर चव आणखी बरी लागते.

दुसरी मदत : नाकाने श्वास

नाक हे नुसते वास घ्यायला दिलेले नाही. आत जाणाऱ्या कोरड्या हवेला ते ओलावा देते. बाहेर येणाऱ्या श्वासातला थोडा ओलावा ते परत राखून ठेवते. तोंडाने श्वास घेणाऱ्याचे तोंड कोरडे पडते. रात्री तोंड उघडे टाकून झोपणारा सकाळी जिभेला कोरड घेऊन उठतो. म्हणून चालताना आणि हलके काम करताना तोंड मिटून नाकाने श्वास घेण्याची सवय करा. जड कामात तोंड उघडावे लागले, तर उघडा. त्यात काही पाप नाही. नाक सदा चोंदलेले राहत असेल, तर डॉक्टरला दाखवा.

शीतली करायची तर पाणी प्यायल्यावर अर्ध्या तासाने, सावलीत बसून, पाच-सात वेळा करा. धुळीत किंवा धुरात करू नका, कारण तोंडाने घेतलेली हवा नाकासारखी गाळली जात नाही. दमा किंवा सर्दी असेल, तर मुळीच करू नका. पोट आत ओढायच्या क्रिया पाणी पिऊन लगेच करू नयेत.

तिसरी मदत : आतली खूण ओळखणे

ही मदत सर्वांत मोठी. दोन मिनिटे डोळे मिटून श्वास पाहत बसले, की माणसाला आपल्या शरीराची हाक ऐकू येऊ लागते. ओठ सुकले आहेत. जीभ टाळूला चिकटते आहे. कपाळ जड झाले आहे. एरवी कामाच्या गलबल्यात ही हाक ऐकू येत नाही. दिवसभर न ऐकता राहिले, की तिची सवयच मोडते. म्हातारपणी तर तहानेची हाक मुळातच क्षीण होते. म्हाताऱ्या माणसाला पाणी कमी पडले, तरी तहान लागत नाही. म्हणून घरातल्या तरुणांनी आजीआजोबांपुढे पाणी नेऊन ठेवावे. "पाहिजे का?" असे विचारू नये. "घ्या," असे म्हणावे.

आणखी एक खूण आहे. तिला यंत्र लागत नाही आणि पैसाही लागत नाही. लघवीचा रंग पाहा. गव्हाच्या काडासारखा फिका असेल, तर अंगात पाणी पुरेसे आहे. गडद पिवळा आणि थोडा असेल, तर पाणी कमी पडते आहे. ही गोष्ट बोलायला लाजायचे कारण नाही. बैल आजारी पडला तर आपण त्याचे शेण-मूत पाहतो. मग स्वतःचे पाहायला काय हरकत आहे?

पाणचक्कीचा धडा

आता किती प्यावे आणि कसे प्यावे? पडेगावहून छावणी ओलांडून शहराकडे गेले, की खाम नदीच्या काठी पाणचक्की लागते. ती तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला या शहराला जमिनीखालच्या नहरीने पाणी आणले. पाणचक्की त्याच्या नंतरची, अठराव्या शतकातली. तिथेही डोंगराकडून जमिनीखालून पाणी येई, भिंतीतून वर चढे, खाली पडे आणि त्या धारेच्या जोरावर जाते फिरे. दर्ग्यातल्या फकिरांचे आणि यात्रेकरूंचे दळण त्यावर होई.

ते जाते कशाने फिरत होते? एकसारख्या धारेने. आठवड्यातून एकदा मोठा लोंढा सोडला असता, तर दळण झाले नसते. उलट जातेच वाहून गेले असते. आपली मूत्रपिंडे हीसुद्धा एक पाणचक्कीच आहे. रक्त गाळून घाण बाहेर टाकण्याचे काम ती रात्रंदिवस करतात. त्यांना धार पाहिजे. दिवसभर कोरडे राहून रात्री दोन तांबे रिचवले, तर दिवसाची भरपाई होत नाही. फक्त झोपमोड होते.

म्हणून दिवसाचे पाणी दिवसभर वाटून घ्या. सावलीत काम करणाऱ्या मोठ्या माणसाने दिवसाकाठी दोन ते अडीच लिटर पाणी, ताक, सरबत असे पातळ घ्यावे. म्हणजे साधारण दहा-बारा फुलपात्री. उन्हात राबणाऱ्याने दर वीस मिनिटांनी एक फुलपात्र घ्यावे, तहान लागो वा न लागो. पण हावरेपणाही नको. तासाला दीड लिटरच्या वर पाणी पिऊ नये. त्यानेही रक्तातले मीठ फार पातळ होऊन माणूस आजारी पडतो. फार घाम गेला असेल, तर मीठ घातलेले ताक किंवा कैरीचे पन्हे घ्यावे. भाकरी-भाजी वेळेवर खावी.

ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, डॉक्टरने पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी डॉक्टरचेच ऐकावे. माझे हे माप त्यांच्यासाठी नाही.

ध्यानात राहत नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी एक युक्ती. पाणी पिणे दिवसाच्या ठरलेल्या खुणांना बांधून टाका. उठल्यावर चूळ भरून, दहा शांत श्वास घेऊन, एक फुलपात्र. घराबाहेर पडताना एक. देवळातली घंटा किंवा मशिदीतली बांग ऐकली, की एक. घरी परतल्यावर, बसून, धाप उतरल्यावर एक. ज्यांचा रोजा किंवा निर्जळी उपास असेल, त्यांनी उपास सुटल्यापासून झोपेपर्यंत थोडे थोडे करून पाणी घ्यावे. पाणी गाळून घ्यावे. शंका असेल तर उकळावे.

आणि हे मात्र नीट ध्यानात ठेवा. उन्हात काम करताना कोणी बरळू लागला, अंग तापले, चालताना झोक जाऊ लागला, तर त्याला ऊन लागले आहे. त्या वेळी प्राणायाम नाही आणि उपदेशही नाही. त्याला सावलीत न्या. कपडे सैल करा. अंगावर पाणी टाका, वारा घाला आणि १०८ क्रमांकाला फोन करून गाडी बोलवा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका. ते छातीत जाते. जुलाब लागले असतील, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोट घोट द्या.

शेवटी पिणारी बाई

आता मघाशी खालच्या आवाजात आलेल्या उत्तराकडे वळू. "प्यायलं की जावं लागतं, अन् जायला जागा नाही." याला श्वासाचा कोणताही अभ्यास औषध नाही. याला औषध आडोसा आणि संडास. बांधकामाच्या जागी पिण्याचे पाणी आणि संडास ठेवणे ही काम घेणाऱ्याची कायद्याने जबाबदारी आहे. एकटीने मागितले तर तो हसण्यावारी नेईल. दहाजणींनी मिळून मागा. आता तुम्हाला लिहिता येते. अर्ज लिहा आणि खाली दहा सह्या करा. अंगठे नव्हे, सह्या!

पाणी कोणी प्यावे, कोणी आधी आणि कोणी मागून, हा प्रश्न आपल्या मुलखात जुना आहे. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांसह सत्याग्रह करावा लागला. आपल्या या पडेगावच्या रस्त्याने पुढे गेले, की दौलताबादचा किल्ला येतो. १९३४ साली बाबासाहेब आणि त्यांचे सोबती तो किल्ला पाहायला आले होते. प्रवासाची धूळ धुवावी म्हणून त्यांनी दाराजवळच्या हौदाचे पाणी घेतले. तेवढ्यावरून "पाणी बाटवले" म्हणत लोक धावून आले. आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही, या अटीवर त्यांना गड पाहू दिला, आणि बरोबर हत्यारबंद शिपाई दिला. ही हकिकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. ज्या घोटासाठी माणसांना लढावे लागले, तो घोट आपल्या घरात आपण कोणाला नाकारतो का, हे एकदा पाहावे.

आपल्या घरात पाणी कोण आणते? बहुतेक घरी बाई आणते. नळाला पाणी कधी येईल, टँकर कधी येईल, हे तिच्या ध्यानात असते. आणि त्यातले सर्वांत कमी कोण पिते? तीच. मुलांना पुरावे, धन्याला पुरावे, पाहुण्याला पुरावे, म्हणून ती आपला घोट मागे ठेवते. त्याला ती त्याग म्हणते. आपणही तिची वाखाणणी करतो आणि गप्प बसतो.

पैठणच्या एकनाथ महाराजांची गोष्ट तुम्ही कीर्तनात ऐकली असेल. काशीहून गंगेची कावड रामेश्वराला न्यायची होती. वाटेत एक गाढव तहानेने तडफडताना दिसले. नाथांनी ती कावड त्याच्या तोंडात रिकामी केली. देवाचे पाणी त्यांनी एका मुक्या जिवाला पाजले आणि ते देवाला पोचले असे मानले. मायबहिणींनो, तुमचा देह त्या गाढवाहून हलका आहे काय? तोही तहानलेला जीवच आहे. त्याला पाणी पाजणे हे पुण्यच आहे.

आणि भाऊ लोकांनो, तुम्हाला एक काम सांगतो. आपण बैलाला पाणी दाखवल्याशिवाय जेवायला बसत नाही. शेळ्या-मेंढ्यांना पाणी पाजल्याशिवाय गुराखी सावलीला टेकत नाही. मग उद्यापासून घरात एक रीत पाडा. जी हंडा घेऊन दारात येईल, तिच्या डोक्यावरचा हंडा उतरवून घ्या. तिला बसायला सांगा. तिची धाप उतरू द्या. आणि त्या हंड्यातले पहिले फुलपात्र तिच्या हातात द्या. बाकीच्या घराने नंतर प्यावे.

एवढे केले, तरी आजचे हे बोलणे कारणी लागले.